सीमारेषेचं प्रकरण, वन्संना सविस्तर

ती. वन्संना,

धाकट्या भावजयीचा नमस्कार. तुमचा खोकला गेला असेल आणि नवा चष्मा नाकावर नीट बसायला लागला असेल असं धरून चालते. (बसला नसेल तर हे पत्र शेजारणीकडून वाचून घेऊ नका. कुणाकडूनच घेऊ नका. उशीखाली ठेवा आणि चष्मेवाल्याकडे जाऊन या.) इकडे सगळं ठीक. तुमचा भाऊ ठीक आहे, त्याच्या छापखान्यातली मुद्रितं ठीक आहेत. मी मध्यंतरी ठीक नव्हते, आता आहे, आणि ते मधलं सांगायला मला तुमच्याशिवाय माणूस नाही. आई घाबरेल, बहीण हसेल. तुम्ही अडतीस वर्षं सर्जिकल वॉर्ड सांभाळलात, तेव्हा माणसाच्या देहाचा कुठलाही भाग तुमच्यापुढे काढायला मला संकोच वाटत नाही. म्हणजे वाटतो, पण पत्रात कमी वाटतो.

सुरुवात आमच्या पाणीपुरवठा खात्याच्या अब्रूपासून झाली. एकोणीस वर्षं मी तिथं नळांचे नकाशे काढते. कुठल्या गल्लीखालून किती इंची नळ जातो, कुठं वाकतो, कुठं झडप आहे, हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. पण स्वतः मात्र चव्वेचाळीस वर्षांत घोट्यापेक्षा खोल पाण्यात उतरले नव्हते. यंदा सगळ्या खात्यांच्या पोहण्याच्या शर्यती ठरल्या, त्यात बायकांची, चौघींनी पाळीपाळीनं पोहायची एक, आणि बांधकाम खात्याची मंडळी जिन्यात म्हणायला लागली की पाणी खात्यात पोहता येणारी एकसुद्धा बाई नाही. ते खरं होतं, म्हणून जास्त लागलं. दुसऱ्या दिवशी आमची टायपिस्ट, प्रयोगशाळेतली केमिस्ट, मीटर तपासणारी आणि मी अशा चौघींनी तलावावर नाव घातलं. शिकवणाऱ्या बाईंना आम्ही शिट्टी म्हणतो, कारण त्या बोलत नाहीत, फुंकतात. एक छोटी म्हणजे पाय हलवा, एक लांब म्हणजे तोंड मिटा. तीन महिन्यांत मी तरंगायला लागले, मग सरकायला, आणि एके दिवशी खोल भागावरून पलीकडच्या कठड्याला हात लावून परत आले. घरी आल्यावर तुमच्या भावाला सांगितलं तर तो म्हणाला, "छान," आणि मुद्रितात मान घातली. तरी मी दिवसभर हवेत होते.

तोवर मी टायपिस्टच्या बहिणीचा पोहण्याचा जुना ढगळ पोशाख घालत होते. त्यात इतकं पाणी भरायचं की बाहेर आले की तलावाची पातळी उतरायची. शर्यतीसाठी म्हणून नवा घेतला. दुकानात तो घडीत होता, घडीत फार सभ्य दिसला. घरी घालून आरशासमोर उभी राहिले आणि लक्षात आलं की शिवणाऱ्यानं मांडीच्या बाजूला कापड वाचवलंय, आणि जिथं त्याचं कापड संपतं तिथं माझं काही संपत नाही. टायपिस्ट या जागेला बिकिनी लाइन म्हणते. मी मराठी शब्द शोधला. तुमच्या भावाच्या तिन्ही शब्दकोशांत जांघ आहे, पण जांघेच्या कडेला वेगळा शब्द नाही. (कशासाठी शोधतेयस असं त्यानं विचारलं. शब्दकोडं, असं मी सांगितलं.) शेवटी माझ्या धंद्यातलाच शब्द घेतला, सीमारेषा. सीमारेषेवर अतिक्रमण झालं होतं आणि ते हटवायचं ठरलं.

आता वन्सं, पुढचं वाचताना तुमचा चेहरा कसा होईल ते मला दिसतंय, पण मी खोटं लिहिणार नाही. सकाळी तलावावर निघायला दहा मिनिटं असताना मी तुमच्या भावाचं रेझर उचललं. पातं कधीचं होतं त्यालाच माहीत. पाणी लावलं नाही, साबण लावला नाही, कातडी ताणून धरली आणि उलट्या दिशेनं, म्हणजे खालून वर, खराखरा ओढलं. साफ झालं खरं. मग आग व्हायला लागली म्हणून वर वासाची पावडर मारली, घट्ट पोशाख चढवला आणि औषध टाकलेल्या तलावात तासभर डुंबले. (इथं तुम्ही चष्मा काढून कपाळाला हात लावला असेल. लावा, मी थांबते.)

दुसऱ्या दिवशी सीमारेषेच्या दोन्ही बाजूंना लाल पुटकुळ्यांची वस्ती वसली. खाज अशी की माणूस जात्याच सभ्य आहे की नाही याची परीक्षा व्हावी. आणि त्याच दिवशी आमच्या मोठ्या साहेबांनी नव्या नळाच्या आराखड्याची बैठक ठेवली. पंधरा माणसं, लांब टेबल, मी नकाशासकट साहेबांच्या उजव्या हाताला. पाच मिनिटं बसले. मग एका बाजूवर बसले, मग दुसऱ्या. शेवटी बसणं अशक्य झालं म्हणून उभी राहिले. साहेबांनी तोंडातलं वाक्य अर्धं सोडलं आणि विचारलं, "बाई, काही हरकत आहे का?" मी नाही म्हणून खाली बसले. दोन मिनिटांनी पुन्हा उभी. साहेब म्हणाले, "मोकळेपणानं बोला. एवढी हरकत आहे तर कारण असेल." खरं कारण सांगण्यापेक्षा मी नकाशावर डोळे मिटून बोट ठेवलं आणि म्हणाले, "ही झडप चढाच्या चुकीच्या बाजूला आहे." सगळे वाकले. साहेब बराच वेळ बघत राहिले. झडप खरोखरच चुकीच्या बाजूला होती. आता साहेब प्रत्येक आराखडा मंजूर करण्याआधी माझ्याकडे बघतात, मी बसलेली आहे ना याची खात्री करतात आणि मगच सही करतात.

पुटकुळ्या निम्म्या बसल्यावर टायपिस्टनं केस काढायचं क्रीम आणून दिलं. नळीवर लिहिलं होतं सात मिनिटं, त्याहून जास्त नाही, आणि सोललेल्या कातडीवर मुळीच नाही. दुसरी ओळ मी वाचली नाही. क्रीम लावून, पाय फाकवून, न्हाणीघराच्या दारात खेकड्यासारखी उभी राहिले आणि तेवढ्यात फोन वाजला. तुमच्या आईंचा. त्या तुमच्या आई आहेत म्हणून जपून लिहिते, पण त्यांच्या फोनला सुरुवात असते, मध्य असतो, आणि मग पुन्हा सुरुवात असते. धाकट्या जावेच्या सुनेनं पडदे कुठल्या रंगाचे शिवले ते ऐकताना माझे डोळे भरून आले. आई म्हणाल्या, "तू किती मायाळू आहेस गं, परक्यांच्या पडद्यासाठी रडतेस." एकवीस मिनिटं झाली होती. त्यानंतर दोन दिवस मी घरात मोठ्या फेंगड्या पावलांनी चालले. तुमच्या भावानं बघितलं आणि एवढंच विचारलं की पोहण्याबरोबर घोड्यावर बसायलाही शिकवतात का.

आठवड्यानं एक नवीनच पाहुणा आला. डाव्या सीमेवर वाटाण्याएवढी गाठ. केस वर यायचं सोडून कातडीखाली वळून बसला होता, आत काळा ठिपका दिसायचा. मी चिमट्यानं कोरायला गेले. (हो, वन्सं, कोरायला. नकाशावरची चुकलेली शाई पात्यानं खरवडतात तसं.) गाठ दुप्पट झाली आणि ठणकायला लागली. शर्यतीला सोळा दिवस राहिले होते. त्या संध्याकाळी शिट्टीला जाऊन सांगितलं की माझं नाव काढा. त्यांनी शिट्टी तोंडातून काढली, हे मी पहिल्यांदा पाहिलं, आणि म्हणाल्या, "तुमचं नाव काढलं तर चौघी राहत नाहीत. पाणी खातं बाद." परत येताना रस्त्यात मला खरंच रडू आलं. तीन महिने जीव मुठीत धरून पाण्याची भीती घालवली आणि आता एका केसापायी कठड्यावर बसायचं.

म्हणून कातडीच्या डॉक्टरबाईंकडे गेले. बाहेर खच्चून भरलेली खोली आणि टेबलाशी नाव लिहून घेणारी बाई, आवाज घाटावर हाका मारल्यासारखा. "तक्रार काय?" सगळ्या माना माझ्याकडे. मी म्हणाले, "कोपर." आत डॉक्टरबाईंनी कागद वाचला आणि माझं कोपर हातात घेतलं. उजेडाखाली धरलं, भिंगातून पाहिलं, वाकवलं, सरळ केलं, मग दुसरं मागितलं. मला मध्ये बोलायचा धीरच होईना. शेवटी त्या म्हणाल्या, "कोपराला काहीही झालेलं नाही. फार चांगलं कोपर आहे."

"हो," मी म्हणाले, "ते जरा खाली आहे."

"मनगट?"

"नाही. आणखी बरंच खाली."

त्यांनी पाहिलं, मी सगळं कबूल केलं. त्या हसल्या नाहीत, वन्सं, त्याबद्दल मी त्यांची जन्माची ऋणी आहे. त्या म्हणाल्या, कोरणं बंद. कोमट पाण्याची घडी दिवसातून तीनदा ठेवा, केस आपसूक वर येईल, आणि ताप आला किंवा लाली पसरली तर लगेच या. कातडी पूर्ण बरी होईपर्यंत पातं नाही, क्रीम नाही, तलाव नाही. मग पुढचं समजावलं, आणि इतकं सोपं होतं की मला लाज वाटली. आधी कात्रीनं केस आखूड करायचे. पाच मिनिटं कोमट पाणी अंगावर घ्यायचं म्हणजे केस मऊ पडतात. बिनवासाचं जेल, नवं कोरं पातं, केस ज्या दिशेनं वाढतात त्याच दिशेनं, हलक्या हातानं, कातडी न ताणता, त्याच जागी पुन्हा पुन्हा नाही. मग गार पाणी, टिपून कोरडं, बिनवासाचं साधं मलम, सैल सुती कपडे. त्या दिवशी पोहणं नाही. दोन-तीन दिवसांनी ओल्या मऊ फडक्यानं हळूच चोळायचं, म्हणजे केस आत अडकत नाहीत. आणि दाराशी पोचले तेव्हा त्या म्हणाल्या, "न काढले तरी चालतं, बरं का. केस तिथं कातडीच्या सोयीसाठीच असतात."

गाठ नवव्या दिवशी बसली. मी शर्यतीच्या तीन दिवस आधी, रविवारी दुपारी, घर रिकामं असताना, ते सगळं अगदी सांगितल्या क्रमानं केलं. एक पुटकुळी नाही, वन्सं. नकाशावर पहिल्यांदाच खोडरबर न वापरता सरळ रेघ उमटावी तशी सीमारेषा. मी एकटीच न्हाणीघरात दोन गिरक्या घेतल्या आणि बादलीला अडखळले.

शर्यतीच्या सकाळी शिट्टीनं चौघींना एकेक पिशवी दिली. खात्याचा पोशाख. निळा, मागं खात्याचं चिन्ह, बाह्या कोपरापर्यंत आणि पाय गुडघ्यापर्यंत. सगळ्या खात्यांना तसाच, स्पर्धेचा नियमच होता, आणि सूचनाफलकावर दोन महिने लावलेला होता. मी बाकावर बसले आणि हसायला लागले. टायपिस्टला वाटलं मी भीतीनं रडतेय, तिनं मला पाणी पाजलं, ते नाकात गेलं, आणि तशा अवस्थेत आमच्या खात्याचं नाव पुकारलं. तिसऱ्या पाळीला मी उडी मारली. खोल भागावर आल्यावर खाली पाहिलं, निळं, तळच नाही, आणि मला एकदम कळलं की गेला महिनाभर जिच्यापायी हा जीव अर्धा झाला ती जागा आत्ता कुठं आहे हेसुद्धा मला आठवत नाहीये. फक्त हात आणि पाणी. पाच खात्यांत आम्ही चौथ्या आलो. पाचवं बांधकाम खातं. आता ते जिन्यानं जात नाहीत, लिफ्टची वाट बघतात.

आईंना नमस्कार, मुलांना लाड, तुम्ही औषधं वेळेवर घ्या.

तुमची,
भावजय

ता. क. पत्र टेबलावर उघडं राहिलं आणि तुमच्या भावानं वाचलं. मी जमिनीत जायच्या बेतात होते. त्यानं लाल पेन काढून चार ऱ्हस्वदीर्घ सुधारले, एक स्वल्पविराम हलवला आणि म्हणाला, बाकी मजकूर निर्दोष आहे.

ता. क. दुसरा. पत्र लिहायचं मूळ कारण राहूनच गेलं. मीटर तपासणारीला दिवस गेलेत आणि तीन महिन्यांनी पुढची शर्यत आहे. नियमाप्रमाणे कर्मचाऱ्याच्या घरातली एक बाई चालते. (नियम मी या वेळी स्वतः फलकावर जाऊन वाचला.) तुमचा भाऊ सांगतो की तुम्ही लहानपणी दप्तर डोक्यावर धरून नदी ओलांडायचात. तुमचं नाव मी सोमवारीच देऊन टाकलंय. शिट्टीनं विचारलं, त्यांना सूर मारता येतो का. मी हो म्हणून सांगितलंय, तेवढं शिकून या.