खाप्याच्या चरखीची जिभली

नागपूर,
दसऱ्याचा दुसरा दिवस

प्रिय दामिनी,

शेंगदाण्याएवढ्या पितळेच्या एका तुकड्याची मला काय किंमत पडली, ते आधी सांगतो. खाप्याच्या दोन चकरा, गुलाबचंदसारख्या जुन्या माणसाशी तुटलेलं बोलणं, आणि तू माझा फोन उचलत नाहीस ते. भंगारवाला त्या तुकड्याच्या बदल्यात अर्धा चहासुद्धा पाजणार नाही. फोन उचलत नाहीस म्हणून कागद घेतला. कागद तू फाडशील, पण वाचून फाडशील, एवढी मी तुला ओळखतो.

पंकजवर माझा संशय पहिल्या दिवसापासूनचा. पोळ्याला तू म्हणालीस, पंकज मला पसंत आहे, खाप्याचा आहे, मौद्याला वीज केंद्रात नोकरी करतो, एकदा भेटून घ्या. त्याच आठवड्यात कडक इस्त्रीचा शर्ट घातलेला एक पोरगा माझ्या चरख्या दुरुस्तीच्या दुकानात उभा. एका हातात संत्रा बर्फी, दुसऱ्या हातात आजोबांची मासे धरायची जुनी पितळी चरखी. "काकाजी, हे वाजत नाही. पाहून देता का?" चरखी बिघडलेली होती हे खरं, पण दुरुस्तीला बर्फी घेऊन येणारं गिऱ्हाईक मी अजून पाहिलेलं नाही.

उघडून पाहिली. दोरा सुटताना करकर वाजवणारी आतली जिभली पार झिजून गेलेली. ही चरखी बनवणारी कंपनी कधीच बंद पडली, हे तुला ठाऊक आहे. जिभली हवी तर त्याच कंपनीची दुसरी मेलेली चरखी सापडायला हवी. कामठीच्या जुन्या बंगल्यांतून निघणारा माल मी उचलतो. इतवारीच्या भंगारात माझ्याआधी कोणी हात घालत नाही. राहिला कलकत्त्याचा गुलाबचंद, तो मला विचारल्याशिवाय नागपुरात एक स्क्रू विकत नाही. तेव्हा मी पोराला म्हटलं, "आधी इची जिभली शोधून आण गा. मंग तुह्या विषयाचं पाहू." तो "हौ काकाजी" म्हणून गेला आणि मी निवांत झालो. तोंडावर नाही म्हणण्यापेक्षा हे बरं, असा माझा हिशेब होता.

महालक्ष्म्यांना तू आलीस. आईला फुलोऱ्याला मदत केलीस, दुकान झाडलंस, पण त्याचं नाव काढलं नाहीस. मी समजलो, विषय मिटला. तू पुण्याला परतलीस आणि इकडे तो जिभली घेऊन हजर! मी ती बसवली, चरखी कानाशी धरली, एकदा फिरवली आणि दुकानात बसलेल्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "माल कलकत्त्याचा आहे. ह्या कानाले कोणी फसवू शकत नाही." मग त्याला विचारलं, कुठून आणली गा? तर मान खाली घालून म्हणतो, "ते मले सांगता येत नाही, काकाजी." बस्स. एक तर चोरीचा माल, नाही तर माझ्या पाठीमागे झालेला सौदा.

गुलाबचंदला फोन लावला. तो म्हणाला, "चंपतजी, बच्चों की कसम, मैंने किसी को नहीं दिया।" न विचारता कसम खातोस म्हणजे नक्की दिला, असं मी त्याला सुनावलं. त्याने फोन ठेवला. मग जुन्या चरख्या विकत घेणारा व्यापारी बनून मी खाप्याला गेलो. टपरीवर चहा पीत कान उघडे ठेवून बसलो. ज्याला विचारावं तो म्हणे, पंकज ना, लय गुणाचा पोरगा जी. रुखमाबाई नावाची म्हातारी तर म्हणाली, "माह्या घरचा पंखा त्यानंच सुधरून देल्ला, चहाबी नाही घेतला." अख्ख्या गावात एकाचं तरी तोंड वाकडं व्हायला हवं की नाही? मला वाटलं, सगळ्यांना पढवून ठेवलं आहे. आपल्याला ओळखलं असेल म्हणून दुसऱ्या खेपेला टोपी घालून गेलो. टपरीवाल्याने चहा दिला आणि म्हणाला, "काकाजी, टोपी शोभून राहिली. पोरगी कवा देऊन राहिले?"

तिथून तापलेला परत आलो, तुला फोन केला आणि पंकजसाठी चोर हा शब्द वापरला. तू एवढंच म्हणालीस, "बाबा, चोर कोण ते तुम्हीच शोधा." तेव्हापासून तुझा फोन नुसता वाजतो.

काल दुकानात हत्यारांची पूजा केली. मी आयुष्यात पहिल्यांदा दुरुस्त केलेली चरखी भिंतीवरून उतरवली, हळदकुंकू वाहिलं आणि दर दसऱ्यासारखी एकदा फिरवली. फिरली, पण वाजली नाही. तुझी आई ताट धरून उभी होती, ती एकदम दिव्याची वात सारायला लागली. ती चरखी त्याच कंपनीची आहे, हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण पूजेची वस्तू मी सुट्या भागांत कधी धरलीच नाही. देवघरातल्या मूर्तीचा हात काढून कोणी दुसऱ्या मूर्तीला लावतं का?

आई दुकानातून गेल्यावर उघडली. आत जिभली नाही, पण एकाही स्क्रूच्या खाचेवर ओरखडा नाही. स्प्रिंग जागच्या जागी, वर तेलाचा ताजा थेंब. पंकजचा तो हात नव्हे. त्याने आजोबांची चरखी स्वतः उघडायला पाहिली होती, तिचे स्क्रू उंदराने कुरतडल्यासारखे झाले आहेत. इतक्या सफाईने चरखी उघडणारी माझ्या माहितीत दोनच माणसं, एक मी, आणि दुसरीला मी शिकवलं आहे. ते पोरगं माझ्याकडून चोर ठरलं, तरी तुझं नाव त्याने घेतलं नाही. हे पत्र एवढ्यासाठी की माझा होकार आहे. दिवाळीला त्याला घरी घेऊन ये, त्याच्या आईवडिलांनाही बोलाव. तरी एक शंका राहतेच. इतकं पोटात ठेवणारा माणूस उद्या तुझ्यापासून काय काय लपवेल? ते तू पाहून घे. आणि फोन उचल वं पोरी, तुझी आई कालपासून माझ्याकडे पाहून नुसती हसून राहिली आहे.

तुझाच,
बाबा

ता. क. गुलाबचंदशी आज सकाळी बोललो. कलकत्त्याहून तसली जिभली कोणालाच गेलेली नाही. ती माझ्या खुर्चीमागे, डोक्यापासून दीड हातावर टांगलेली होती.