चौथी राही

कामशेत,
ता. ७ एप्रिल २०२५

ती. दादास,
मुक्ताचा शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

इकडे सगळे खुशाल आहेत, मी सोडून. फोनवर तुला ऐकू येत नाही आणि ओरडून माझा घसा बसतो, म्हणून पत्रच लिहिते.

काल रविवारी तू मला मूळ यायचं ठरलं होतं. यात्रेआधी वहिनीबरोबर कुरडया-पापड करायला मी दर वर्षी येते, आणि लग्न झाल्यापासून तू न्यायला आल्याशिवाय मी कधी कुसगावात पाऊल टाकलेलं नाही. सकाळीच भाकरी केली. तुझ्यावरून ओवाळायला तुकडा काढून ठेवला, तांब्या भरला आणि आतल्या खोलीत पिशवी घेऊन बसले. कान रस्त्याकडे होते. ऊन कललं तरी तुझ्या स्कूटरचा आवाज आला नाही.

तुझ्या राही स्कूटरचा आवाज मला कुठेही कळतो. पहिली राही खिंड उतरायला लागली की सासूबाई चहाचं आधण ठेवायच्या. दुसरी कोपऱ्यावर आली की खोकायची. तिसरी घुमायची. आता नातीने, प्रेरणाने, तुला चौथी घेऊन दिली म्हणे. नवी गाडी आली आणि बहीण विसरलास का?

मनात आहे ते लिहूनच टाकते. येत्या जूनमध्ये माझ्या संदेशची बदली बंगळूरला होते आहे आणि तो मलाही कायमची नेणार आहे. हे त्याने तुला गेल्या महिन्यात फोनवर सांगितलं. तू ‘व्हय, व्हय’ म्हणालास आणि फोन ठेवलास. आपली एकुलती बहीण कुठे चालली, कशासाठी चालली, एका शब्दाने विचारलं नाहीस. वरून काल आला नाहीस. बंगळूरला कोण मूळ येणार आहे मला? हे शेवटचंच होतं. शेजारची विठाबाई म्हणाली की भाऊ म्हातारे झाले की असंच करतात. तिला गप्प केलं, पण रात्री तिचं म्हणणं आठवत राहिलं.

वहिनीला नमस्कार. माझ्यावर माया उरली असेल तर उत्तर लिही, नसेल तर तसं लिही.

तुझी,
मुक्ता

---

कुसगाव,
ता. १० एप्रिल २०२५

चि. मुक्तास,
भिमाजीचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून मी पुरता चक्रावलो. अगं, मी आलो होतो! तुझ्या फाटकासमोर चिंचेखाली स्कूटर लावून बसलो होतो. बहिणीने भाकरतुकडा ओवाळल्याशिवाय मूळ आलेल्याने उंबरा ओलांडायचा नाही, हा आपल्या आबांचा दंडक तुला माहीत आहे. म्हणून आत आलो नाही. हॉर्नही दिला. निदान मला तरी ते हॉर्नचं बटण वाटलं. दाबलं की चारी बाजूंचे दिवे लुकलुकायला लागले, ते काही केल्या थांबेनात. खिडकीचा पडदा हलला, पण तू बाहेर आली नाहीस. म्हटलं, मुक्ता रुसली. का रुसली ते कळेना. शेवटी वहिनीने तुझ्या नातवंडांसाठी दिलेले रव्याचे लाडू घेऊन तसाच परत फिरलो.

या गाडीने माझी मती गुंग केली आहे. नाव तेवढं राही, बाकी ओळखीचं काही नाही. पहिली राही आठव. सकाळी तिला एका अंगावर कलती करायची, मग किक मारायची. गिअर डाव्या मुठीत, पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून घ्यायचं, आणि बाजूला स्टेपनी. दुसरीला बटण आलं, ऑइल मिसळणं गेलं, पण किक होती, म्हणून जिवाला आधार होता. तिसरीचे गिअरच गेले. तिला पुढे मोठी काच आली, सीट ऐसपैस झाली. तिच्यावर तुझी वहिनी आणि मी गणपतीपुळ्यापर्यंत जाऊन आलो. आता ही चौथी विजेवर चालते. हिला किल्लीसुद्धा नाही. पहिल्या दिवशी मी तिला सवयीने कलती केली, तर पडद्यावर लाल अक्षरं उमटली. वलवणच्या पंपावर रांगेत उभा राहिलो, नंबर आल्यावर लक्षात आलं की हिला पेट्रोल लागत नाही. एक बटण दाबलं तर मागे चालते, तुळशीवृंदावन थोडक्यात वाचलं.

मुक्ता, एक गोष्ट घरात कोणाला बोललो नाही. या स्कूटरचा आवाज मला अजिबात येत नाही. तिसरीचा थोडा तरी यायचा. म्हणजे माझे उरलेसुरले कानही गेले. विजेवरची गाडी म्हणून आवाज कमी असेल, असं मनाला समजावलं. पण पिठाची गिरणीही विजेवरच चालते आणि ती मला अजून ऐकू येते. प्रेरणाला सांगितलं तर ती गाडी काढून घेईल, म्हणून गप्प आहे. भीती वाटते.

संदेशचा फोन आला होता खरा. मला वाटलं, तो पापडाच्या पिठाचं विचारतोय. बंगळूरचं तुझ्या पत्रातच कळलं. मुलगा आईला नेतो म्हटल्यावर मी मध्ये कोण?

रागावू नकोस. आशीर्वाद आहेतच, पण तुझा राग मला सोसत नाही.

तुझा,
दादा

---

कुसगाव,
ता. १३ एप्रिल २०२५

ती. आत्याआजीस,
सा. न. वि. वि.

परवा तुम्ही फोनवर आजोबांचं पत्र वाचून दाखवलंत, तेव्हा हसू की रडू असं मला झालं. आत्याआजी, आजोबांचे कान आहेत तसेच आहेत. ती गाडीच मुकी आहे! मी नवलाख उंबऱ्याच्या कारखान्यात दिवसभर या गाड्यांचे भाग जोडते, मला त्यात काही विशेष वाटलं नाही. ‘आजोबा, हिला आवाज नसतो’ हे एक वाक्य सांगायचं राहून गेलं. ते बिचारे कान गेले म्हणून आतल्या आत झुरत होते, आणि तुम्ही खोलीत बसून नसलेल्या आवाजाची वाट पाहत होतात. चूक माझी आहे.

आजोबांनाही हे पत्र लिहूनच सांगितलं. एकाच घरात राहतो, पण त्यांना तोंडाने सांगितलं तर आधी गल्लीला कळतं. पत्र वाचून ते स्कूटरपाशी गेले, सीटवर कान टेकवून उभे राहिले आणि मग हसत आत आले. हॉर्नच्या बटणावर मी आता लाल टिकली चिकटवली आहे.

ते शुक्रवारी पुन्हा मूळ येत आहेत. तुम्ही खोलीत नका बसू, ओट्यावर बसा. नातीला माफ केलंत असं समजते.

तुमची,
प्रेरणा

---

कामशेत,
ता. २७ एप्रिल २०२५

ती. दादास,
मुक्ताचा शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

काल तू मला सोडून गेलास आणि आज लगेच पत्र, म्हणून घाबरू नकोस. यात्रा छान झाली. कुरडया पांढऱ्याशुभ्र उतरल्या, त्याचं श्रेय वहिनी एकटी घेते आहे, घेऊ दे.

तुझ्या चौथ्या राहीवर मी उगीचच रागावले होते. पहिल्या राहीच्या सीटा वेगळ्या होत्या, मधली कडी धरून बसताना माझे हात भरून यायचे. दुसरीची सीट सलग झाली, तिसरीला पाठ टेकायला आधार आला. ही चौथी तर गोधडीवर बसल्यासारखी चालते. पण खरी गंमत वेगळीच आहे. त्या तिघींवर बसून आपण कधी बोललोच नाही. मी काही म्हटलं की तू मान वळवून ‘काय?’ ओरडायचास आणि मी नंतर सांगते म्हणायचे. नंतर कधी सांगितलं नाही. काल परत येताना इतकं शांत होतं, की वलवण सोडल्यावर मी बोलायला लागले ते कामशेतपर्यंत बोलतच होते. तुला ऐकू येत नाही हे विसरूनच गेले होते.

काय बोलले ते आता लिहिते. मला बंगळूरला जायचं नाही. संदेश वाईट नाही, सून तर गुणाचीच आहे. पण दोघं दिवसभर कामावर, मुलं शाळेत, आणि मी सातव्या मजल्यावर कोणाशी बोलू? तुझ्या मागच्या खोलीत मी राहिले तर चालेल का, असं तुला विचारलं. वहिनीपाशी आधीच विषय काढला होता. ती म्हणाली, तिची हरकत नाही, पण भावालाच विचार. कार्ला फाट्यापाशी विचारलं आणि तुझी मान हलली. दादा, मला रडू फुटलं, तुझ्या सदऱ्याला डोळे पुसले. मग लक्षात आलं की तिथे ओळीने गतिरोधक आहेत.

घरी पोचल्यावर पुन्हा विचारायचा धीर झाला नाही. तुला ऐकू जाईल एवढं ओरडले असते तर संदेशलाही ऐकू गेलं असतं. आता माझा गोंधळ उडाला आहे. ती मान तू हलवलीस की रस्त्याने? तू न ऐकताही ‘व्हय’ म्हणतोस, म्हणून नीट वाचून उत्तर दे. नाही असलं तरी चालेल. मी जाईन बंगळूरला, आणि तुझ्यावरचा जीव तसाच राहील.

तुझी,
मुक्ता

---

कुसगाव,
ता. ३० एप्रिल २०२५

चि. मुक्तास,
भिमाजीचे अनेक आशीर्वाद.

मान रस्त्यानेच हलवली. मला एक अक्षर ऐकू आलं नव्हतं. पाठीला तुझं डोकं टेकलेलं कळलं, म्हटलं झोप लागली असेल, म्हणून गाडी हळू घेतली.

आईला मुलाकडे जाताना भावाने अडवू नये, म्हणून मी गप्प राहिलो होतो. बंगळूरचं वाचल्यापासून जेवण गोड लागत नव्हतं, हे तुझ्या वहिनीला विचार. मागच्या खोलीतली भाताची पोती कालच पडवीत काढली. संदेशला मी स्वतः पत्र लिहिलं आहे. त्याच्याकडे सुट्टीत राहायला जाशील, आणि तो येईल तेव्हा त्याला मामाचं घर आहेच.

आज अक्षय्य तृतीया, चांगला दिवस आहे. शनिवारी मूळ येतो. स्कूटरच्या हँडलला आपल्या बैलांची घुंगुरमाळ बांधली आहे. मला ती नीट ऐकू येत नाही, पण तुला खिंडीपासून येईल, आधण ठेव. या खेपेला परत सोडायला येणार नाही, तेव्हा पिशवी मोठी भर.

लोभाचं काय ते आता समोरासमोर भांडून ठरवू. राहिलं तुझं उत्तर. तुझं पत्र मी वाचलं, वहिनीने वाचलं, मग मी पुन्हा वाचलं, आणि डोळ्यांनी नीट बघून लिहितो आहे:

व्हय.

तुझा,
दादा