मोरीच्या पाण्यावरची शेवंती

आई,

पलूसच्या आपल्या घरातले भाडेकरू उन्हाळ्यात गेले. कुलूप काढून मागच्या परड्यात पाऊल ठेवलं, तर कमरेएवढं गाजरगवत. मोरीपासून कुंपणापर्यंत नुसती पांढरी फुलं. तू असतीस तर आधी भाडेकरूंच्या सात पिढ्यांचा उद्धार केला असतास आणि मग पदर खोचला असतास. मी आपली पायरीवर बसून राहिले. शेजारच्या आक्का आता काठी टेकत चालतात. त्या कुंपणापाशी येऊन म्हणाल्या, "आगं, औषध मार की. दोन दिसात जळून जातंय समदं." त्यांचं काही चुकीचं नव्हतं. पण कुठलं जाळायचं आणि कुठलं ठेवायचं हे औषधाला कुठे कळतं? त्या रानात कुठेतरी तुझी शेवंती तग धरून असेल, एवढ्या आशेवर मी हातानंच उपटायचं ठरवलं. तेव्हापासून दर रविवारी शिरवळहून एसटीनं येते आणि संध्याकाळी कंबर धरून परत जाते.

ती शेवंती तू माणमधून, तुझ्या माहेराहून आणली होतीस. ओल्या फडक्यात फुटवा गुंडाळून, अख्खा प्रवास मांडीवर धरून. लहान पिवळ्या फुलांची. तिकडे प्यायच्या पाण्याची मारामार, तरी अंघोळीच्या पाण्यावर आजीनं ती जगवली होती, म्हणून तूही इथे मोरीशेजारीच लावलीस. पाटाचं पाणी दाराशी असताना! बाबा चिडवायचे, तर तू म्हणायचीस, "आमच्याकडं पानी न्हवतं म्हनून तण बी न्हवतं. हितं पानी लय, मग काय, न बोलावता येतंय समदं." त्यात पलूसची तक्रार किती आणि माहेरची आठवण किती, हे तेव्हा मला कळायचं नाही. आता शिरवळच्या दुसऱ्या मजल्यावर राहून कळतं.

एक दिवस सारखा डोळ्यांपुढे येतो. मी शाळकरी आहे, शाळेला सुट्टी आहे. तुझ्या हातांना गाजरगवत खाजतं, म्हणून तू बाबांचे पलटणीतले जुने लोकरी मोजे हातांत चढवून तण काढते आहेस. मी तुला खूश करायला दुसऱ्या टोकानं सपाटा लावते आणि भला मोठा ढीग घालते. तू येऊन ढिगाकडे बघतेस आणि तुझा चेहरा उतरतो. गाजरगवताबरोबर मी शेवंतीचे सगळे कोवळे फुटवे उपटून टाकलेत. दोन्हींची पानं कातरलेली, लहानपणी सारखीच दिसणारी. आता पाठीत धपाटा बसणार म्हणून मी अंग चोरून उभी.

तू हातातले मोजे काढतेस. "बस खाली. डोळं मीट." एक पान बोटांत चुरगाळून माझ्या नाकाशी धरतेस. "ह्ये काय?" मला सांगता येत नाही. मग दुसरं, मग आणखी एक. गाजरगवताला नुसता हिरवट, उग्र दर्प. शेवंतीचा वास मात्र कापरासारखा थेट डोक्यात जातो. "डोळं फसत्यात, बाय. नाक न्हाई फसत. आन् फुलं यायच्या आत उपटायचं. फूल आलं की ते वाऱ्याच्या हातात गेलं." सगळा ढीग तू तसाच निवडायला लावलास आणि फुटवे पुन्हा मातीत खोचलेस. संध्याकाळी तुझी बोटं लालबुंद झाली होती. तू चुलीपुढं खोबरेल चोळत बसलीस आणि मला म्हणालीस, "जेव की, बघतीस काय?" त्या बोटांना मी तेव्हा हातही लावला नाही. आज फार वाटतं, लावायला हवा होता.

यंदा मी माझ्या नवऱ्याचे मोजे घेऊन आले. "लोक ते पायात घालतात," असं म्हणून त्यांनी मला एसटीत बसवलं. निम्मं परडं मोकळं झालं तेव्हा मोरीच्या कडेला, अगदी तुझ्या जागी, मातीला चिकटलेलं एक रोप दिसलं. कातरलेली पानं. त्याच्याभोवती विटा लावल्या, आक्कांना मधल्या दिवसांत पाणी घालायला सांगितलं. आठवडाभर कारखान्यात काम करताना मनात तेच. पुढे त्या रोपानं उंच दांडा टाकला, तरी पान चुरगाळून न बघता मी स्वतःला समजावत होते. शेवटी एका रविवारी आक्का काठीवर रेलून हसतच सुटल्या. "पोरी, गाजरगवताला पानी घालायला लावलंस व्हय मला?" दांड्यावर पांढऱ्या कळ्या धरल्या होत्या. तुझं शिकवणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी, असंच तुला वाटलं असतं. मीही हसले, रोप मुळासकट काढलं आणि मोरीवर तोंड धुवायच्या निमित्तानं रडून घेतलं. तुझी आठवण येते, आई. एवढी वर्षं झाली, आता कमी होईल म्हणतात. होत नाही.

परडं आता स्वच्छ आहे. तू बघितलं असतंस तर कुठेतरी एक काडी काढून दाखवली असतीस, पण मनातून खूश झाली असतीस. हे पत्र खुरप्याच्या पिशवीतच राहील.

फक्त एक सांगायचं राहिलं. मोरीच्या त्याच कडेला आज पुन्हा एक रोप वर आलंय. पानं कातरलेली, या वेळी जरा जाड वाटतात. दोन बोटांत एक पान चुरगाळलं की लगेच कळेल. मी त्याच्याशेजारी बराच वेळ बसले, मोजेही काढले. मग तांब्याभर पाणी घातलं आणि वास न घेताच एसटी पकडली.