मुलगा दरमहा पाठवतो

अहो,

दुपारपासून तुमच्या फोटोशी बोलतेय. जिवंतपणी पेपरामागून निदान 'हं' तरी म्हणायचात, आता तेही नाही! म्हणून शेवटी लिहायला बसले. आज पोस्टानं नकार आलाय, आणि अख्ख्या ब्राउनश्वाइगमध्ये तो मराठीत सांगावा असं माझं माणूस उरलेलं नाही.

कसला नकार? थांबा, सांगते. लगेच कपाळाला आठ्या नकोत.

तुम्ही गेलात आणि घरावरचा ग्रुंडस्टॉयर, म्हणजे आपली घरपट्टी हो, नव्या हिशोबानं चांगलीच वाढून आली. त्यात तुमची पेन्शन जवळजवळ अर्ध्यावर आली. चाळिशी उलटल्यावर जर्मनीत आलो आपण, मुळात ती होती तरी किती! हीटिंग मी एकाच खोलीत लावते, बाकीची दारं बंद. तुम्ही असता तर ओरडला असतात, "नलू, भिंतींना बुरशी धरेल!" धरलीच आहे. ओरडायला तरी असायला हवं होतं तुम्ही.

समोरच्या फ्राउ बेकर भाड्यानं राहतात ना, त्यांच्या घरमालकानं वाढलेली घरपट्टी त्यांच्याच भाड्याच्या खर्चात घातली. पण त्यांना वोनगेल्ड मिळतं, राहत्या घराच्या खर्चाला सरकारची मदत. मला म्हणाल्या, "अहो, स्वतःचं घर असलं तरी मिळू शकतं. म्हातारपणी त्यात लाजायचं काय?" तुम्हाला नसतं आवडलं, मला माहीत आहे. सरकारचं फुकट खायचं नाही, हेच म्हणाला असतात. पण इतकी वर्षं कर भरलात ना इथे? मग फुकट कसलं?

अर्ज करायला आपल्या मंदारला बोलावलं. बिचारा बर्लिनहून रजा काढून आला, ऑफिसात माझ्या शेजारी बसला. सगळं छान चाललं होतं हो! शेवटी त्या टेबलावरच्या बाईनं विचारलं, "नातेवाइकांकडून तुम्हाला काही मदत होते का?"

आता तुम्हीच सांगा, पोटचा मुलगा शेजारी बसलेला असताना परक्या बाईसमोर कुठली आई 'नाही' म्हणेल? झाकली मूठ सव्वा लाखाची! मी मान ताठ करून म्हटलं, "हो तर! मुलगा दरमहा पाठवतो." वर एक भरघोस आकडाही ठोकून दिला. बाईनं तो टकाटक टाइप केला.

आणि मंदार? तो खिडकीबाहेर बघत राहिला. त्याला वाटलं असेल, आईनं आपली लाज राखली. मला वाटलं, आता लाजेकाजेस्तव का होईना, खरंच पाठवायला लागेल.

नाही पाठवलं. रागावू नका हं त्याच्यावर! बर्लिनचं भाडं, पोरांचे खर्च, त्याचंच भागत नाही. पण रविवारचा फोन? तोसुद्धा त्या दिवसापासून बंद झालाय. तो मला टाळतो, आणि मी फोन केला तर त्याला वाटेल पैशांसाठी केला, म्हणून मीही करत नाही. पैशांपेक्षा हे जास्त लागलंय मला.

मुलाची मदत धरली तर मी गरजू ठरत नाही, असं आज लिहून आलंय. त्यांचं काय चुकलं? मीच सांगितलं होतं! फ्राउ बेकर म्हणतात, हरकत घेता येते, जाऊन खरं सांगून टाका. नाहीतर हे घर विकायचं आणि वृद्धाश्रमात एक खोली घ्यायची. मग तुम्ही हौसेनं बसवलेली ती वाकडी फडताळं कोण ठेवून घेणार?

इतकी कसली घाई होती हो तुम्हाला जायची? असतात, तर त्या बाईसमोर तुम्हालाच पुढे केलं असतं. तुम्हाला खोटं बोलणं कधी जमलंच नाही.

उद्या सकाळी जाणार आहे, एकटी. मंदारला कळवणार नाही, त्याची मान खाली जायला नको. शब्द देते तुम्हाला, मुलाच्या अब्रूसाठी तुमचं घर घालवणार नाही. मघापासून आरशासमोर जर्मनमधून घोकतेय: मला कोणी काही पाठवत नाही, मी एकटी आहे. उच्चार ठीक आहेत, पण प्रत्येक वेळी वाक्य अर्ध्यावरच अडकतं. अडकणारच. हे मी आजवर मराठीतसुद्धा कोणाला सांगितलेलं नाही.

तुम्हालाच पहिल्यांदा सांगतेय.

तुमची,
नलू