षष्ठीची पाऊणपट

सातपूर, नाशिक
२९ जानेवारी १९९९

चि. सौ. आशास,
चंदरदादाचे अनेक आशीर्वाद.

परवा घरी सुखरूप पोचलो. वेंगुर्ल्यात तुम्हा दोघांना फार त्रास दिला. वीस वर्षं गंगापूर धरणावर हौसेने गळ टाकणारा मी, समुद्रातही कणकेचीच गोळी लावून बसलो. ती विरघळून गेली आणि तुझे दिनेशराव पोट धरून हसले. शेवटच्या दिवशीचं मात्र हसण्यासारखं नव्हतं. धरणाचं पाणी चढायला आठवडा लागतो. समुद्र तासाभरात खडकाला वेढा घालतो, हे ध्यानातच राहिलं नाही. त्यांनी होडी आणली म्हणून निभावलं. त्यांना माझे आभार सांग.

तुझ्या वहिनीला जाऊन काल आठ महिने झाले. कारखाना, डबा, झोप, सगळं वेळेवर चालू आहे. काळजी नसावी.

लोभ आहेच, तो तसाच ठेव.
तुझा दादा

वेंगुर्ले
७ फेब्रुवारी १९९९

ती. दादास,
आशाचा सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. हे अजून ऑफिसात तुझ्या कणकेची गोष्ट सांगतात. नाशिककराला भरती कुठली ठाऊक, असं म्हणून सगळे हसतात. मीही हसले.

तुझा ओला सदरा इथेच राहिला होता. तो धुताना खिशात सिगारेटच्या पाकिटाचा पुठ्ठा सापडला. त्यावर पेन्सिलीने, तुझ्या अक्षरात लिहिलंय, "षष्ठी. सहाची पाऊणपट साडेचार. पूर्ण भरती." तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हे यांनी तुला पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. लेथवर केसाइतकं माप चुकू न देणारा तू हे विसरशील, हे मला पटत नाही. चार वाजता तू त्या खडकावर होतास.

यांना पुठ्ठा दाखवलेला नाही. दादा, तू खरंच विसरला होतास का? वहिनी असती तर तिने तुला समोर बसवून विचारलं असतं. मला पत्रातच विचारावं लागतंय. काहीही असलं तरी लिही, फक्त खोटं लिहू नकोस.

माझ्यावरची माया आटू देऊ नकोस.
तुझी आशा

सातपूर
२० फेब्रुवारी १९९९

चि. सौ. आशास,
आशीर्वाद.

विसरलो नव्हतो. सकाळी वेळ काढली, पुठ्ठा खिशात घातला आणि तीन वाजता खडकावर जाऊन बसलो. मरायचं ठरवलं नव्हतं. उठायचंही ठरवलं नव्हतं. पाणी पायाला लागलं, मग कमरेला. गार लागलं नाही. माशाने दोनदा दोरी ओढली, ओढू दिली. दिनेशरावांच्या हाका ऐकू येत होत्या, पण त्या दुसऱ्याच कुणाला चालल्या आहेत असं वाटत होतं. त्यांनीच दंडाला धरून होडीत घेतलं.

लता गेल्यापासून हे असंच आहे. रडू आलं नाही. भूक कळत नाही. कारखान्यात म्हणतात, चंदरने छान सावरलं.

तुझं पत्र आठवडाभर खिशात होतं. आज उत्तर लिहायला बसलो आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा भीती वाटली. उद्या रविवार, माझा धरणावर जायचा दिवस. उद्या मी एकट्याने पाण्याजवळ जाऊ नये. शेजारच्या झुंबरला हे सगळं सांगितलं आहे, तो आज रात्रीपासून माझ्याकडेच राहतो आहे.

दिनेशरावांना पुठ्ठा दाखव. आणि आशा, मला नुसतं बोलावू नका. न्यायला या.

तुझा दादा