तांबूस फुलाचा फोटो

२८ जानेवारी २००४

लाल नाही. पुन्हा पुन्हा जाऊन बघितलं — लाल नाही!

व्हॅलेंटाइनसाठी गुलाबाची तोड चालू आहे, पाणी प्यायला फुरसत नाही. त्यात पॉलिहाऊसमध्ये तिसऱ्या बेडवर, एका झाडाच्या एकाच फांदीला हे फूल. बाकीचं झाड नेहमीसारखं गडद लाल. ह्या फांदीचं मात्र तांबूस, तपकिरीकडे झुकलेलं. मनुका उन्हासमोर धरली की आतून दिसते ना, तसं. पाकळीच्या कडा धुरकट.

कामाला येणारी कुसाबाई पुढे पुढे तोडत चालली होती. तिची कात्री तिथे पोचायच्या आत मी हात आडवा घातला. ह्यांना बोलावलं. हे म्हणाले औषधाचा डाग असेल, नाहीतर थंडीचा परिणाम. आणि गेले गड्ड्या बांधायला.

सासूबाईंना प्लास्टिकखालची उकड सहन होत नाही, तरी संध्याकाळी आत येऊन बघून गेल्या. म्हणाल्या, चिंच लावायच्या आधीच्या तांब्याच्या घागरीसारखं हाय.

बरोब्बर तो रंग.

३० जानेवारी

तळेगावचे सबनीस सर आठवले. गेल्या वर्षी कृषी प्रदर्शनात त्यांचं भाषण ऐकलं होतं. गुलाबाच्या नव्या जाती काढतात. तेव्हा म्हणाले होते — कधी कधी झाड आपण होऊन वेगळ्या रंगाची फांदी देतं, लोक ती खराब समजून कापून टाकतात. दिसली तर कापू नका, मला कळवा. कार्ड जपून ठेवलं होतं. फोन लावला.

शांतपणे ऐकून घेतलं त्यांनी. मग म्हणाले, असे फोन बरेच येतात, बहुतेक वेळा खताची कमतरता निघते. आधी फोटो पाठवा.

फोटो! कुंदनने दिवाळीत दिलेला डिजिटल कॅमेरा कपाटात साड्यांखाली पडून आहे. माझा भाऊ जहाजावर नोकरीला, येताना काहीतरी घेऊन येतो आणि आम्ही ते जपून ठेवतो. सेल घातले, फूल काढलं, मागच्या चिमुकल्या पडद्यावर बघितलं.

राणी कलर. झकपक राणी!

३१ जानेवारी

आजही राणी.

२ फेब्रुवारी

कॅमेऱ्याचं पुस्तक इंग्रजीत, अक्षर मुंगीएवढं. बी.कॉम.चं दुसरं वर्ष झाल्यावर लग्न झालं, त्यानंतर इतकं इंग्रजी सलग वाचलं नव्हतं. पण मजा येतेय. कॉफीच्या कपाबरोबर दुपारचा एक तास तिथेच जातो.

कळलं ते असं. ह्याच्या पोटात रंगाचं एक वेगळंच प्रकरण आहे. उजेड कसला आहे ते त्याला सांगावं लागतं — ऊन, ढग, बल्ब, ट्यूबलाइट. नाही सांगितलं तर तो स्वतःच्या मनाने ठरवतो. आमचं पॉलिहाऊस दुधी प्लास्टिकचं. आतला उजेड उन्हाचाही नाही, ढगाचाही नाही. बिचारा गोंधळणारच.

शिवाय रंग ‘भडक’वर ठेवलेला होता. कुंदनचीच करामत. तो साधा केला. राणीचा डाळिंबी झाला. प्रगती आहे.

४ फेब्रुवारी

नाशिकला गेले. मखमलाबादहून कॉलेज रोड काही लांब नाही, पण सायबर कॅफेत पहिल्यांदाच पाऊल टाकलं. सगळी कॉलेजची पोरं, त्यात मी साडीत. कॅफेवाल्या फैजानने कॅमेऱ्याची वायर जोडून दिली, ईमेलचा पत्ता काढून दिला. त्यातल्या त्यात बरे फोटो पाठवले.

६ फेब्रुवारी

सरांचं उत्तर आलं. रोमन लिपीत मराठी, अडखळत वाचलं. त्यांना फोटोत नेहमीचं लाल फूल दिसतंय, फक्त जरा उडालेलं. आणि पाकळ्यांच्या कडा ठोकळे ठोकळे दिसताहेत, नीट काही कळत नाही.

कार्डात जास्त फोटो मावावेत म्हणून मी क्वालिटी सगळ्यात खालची ठेवली होती. काटकसरीची सवय, दुसरं काय! आता ‘फाइन’वर केली. कार्डात जेमतेम काही फोटो मावतील, मावोत.

पण आता काढू कशाचा? आज सकाळी पाकळ्या गळल्या.

९ फेब्रुवारी

गळलेल्या फुलाखाली फांदी नीट छाटली. पुढचं फूल मार्चच्या शेवटी. ट्रकभर गुलाब मुंबईला गेले, एकही तांबूस नाही.

१७ फेब्रुवारी

तोड संपली, सगळे दमलो. आज जेवताना ह्यांनी विषय काढला. गुलाब बंद करायचा. पॉलिहाऊसमध्ये ढोबळी मिरची लावायची. सगळे तिकडेच वळलेत, झाडंही जुनी झालीत. एप्रिलमध्ये सगळे बेड उपटायचे.

मला राग नाही आला. त्यांचं बरोबरच आहे, मीही हेच म्हणत होते दिवाळीत. फक्त विचारलं, तिसरा बेड?

“एका फुलासाठी बेड ठेवता येत नाय, शुभा. त्या साहेबांना येऊन सांगू दे, मग बघू.”

म्हणजे मार्चच्या फुलावर सगळं. ते फूल आठ-दहा दिवसच टिकणार. तेवढ्यात मला त्याचा खरा रंग तळेगावला पोचवायचा आहे.

२५ फेब्रुवारी

सराव! वांगी, लाल माठ, गाजरं, सासूबाईंची विटकरी साडी. सेटिंग बदलायचं, काढायचं, वस्तूशेजारी कॅमेरा धरून बघायचं. उजेड कमी-जास्त करायचंही एक बटण सापडलं. लाल वस्तू असली की एक पायरी खाली उतरवायचा — मग पाकळ्यांमधल्या सावल्या दिसतात, नाहीतर सगळा एक लाल लगदा.

सासूबाई म्हणाल्या, वांग्याचे फोटो काढते आन् भाजी आळणी करते. खरंच आज मीठ विसरले. पण त्यांचा फोटो काढला तेव्हा आधी पदर सारखा केला, मग ओट्यावर सरळ बसल्या. फोटो फार छान आला. गालावरचं गोंदण हिरवं, अगदी आहे तसं.

८ मार्च

फांदीला नवी फूट. लालसर कोवळी पानं. रोज सकाळी आधी तिथे जाते, मग चहा.

१९ मार्च

कळी दिसायला लागली, हरभऱ्याएवढी. हेही बघून आले. त्या झाडाच्या नळीतलं पाणी बरोबर पडतंय ना ते बोट घालून बघत होते. मी लांबून पाहिलं.

२६ मार्च

उमललं! तेच. तस्संच तांबूस, कडा धुरकट. म्हणजे डाग नव्हता, थंडी नव्हती, काही नव्हतं. फांदीच वेगळी आहे. एवढं ऊन पडलंय तरी रंग तोच. ह्यांनी पाकळी बोटाने चोळून बघितली. मग म्हणाले, “नाय बुवा, हे औषध नाय.”

आता फोटो. पुस्तकात शेवटी एक पान आहे, ते मी मुद्दाम राखून ठेवलं होतं. त्याच उजेडात कॅमेऱ्याला एक पांढरी वस्तू दाखवायची आणि सांगायचं, हे पांढरं. मग बाकीचे रंग तो त्यावरून लावतो. पांढरं काय? ह्यांची बाजारात जाताना घालायची टोपी. धुतलेली, कडक. ती दाखवली.

सगळा फोटो पिवळा! फूल हळदीत बुडवल्यासारखं. बराच वेळ कळेना. मग टोपी उन्हात नेली आणि हसूच आलं. मीच निळीत बुडवते ती दर वेळी! कॅमेऱ्याने निळ्यालाच पांढरं धरलं.

मग ताटात तांदळाचं पीठ पसरून नेलं. सासूबाई बघतच राहिल्या — पॉलिहाऊसमध्ये भाकरी थापते का काय ही. पीठ दाखवलं. फूल काढलं.

पडद्यावर घागर आली. चिंच लावायच्या आधीची.

मी तिथेच बेडच्या कडेला बसले. ह्यांना दाखवलं, सासूबाईंना दाखवलं, कुसाबाईला दाखवलं.

२७ मार्च

कालचा आनंद आज कॅफेत उतरला. फैजानने फोटो उघडला तर त्याच्या कॉम्प्युटरवर पुन्हा डाळिंबी! शेजारच्यावर उघडला तर विटकरी. तिसऱ्यावर काळपट. तो समजावून सांगत होता की प्रत्येक मॉनिटरचा रंग वेगळा, त्याला इलाज नाही.

मग सरांच्या मॉनिटरवर काय दिसेल ते कुणी सांगावं? न पाठवताच परत आले. बसमध्ये डोळे भरून आले, उगीच.

घरी ह्यांना सगळं सांगितलं. टोपी काढून खुंटीला लावली त्यांनी, खाटेवर बसले. मग म्हणाले, “तुम्ही बायका दुकानात साडीशेजारी ब्लाउजपीस धरून बघता. दुकानात उजेड कसला का असेना, फरक कळतोच ना?”

मी कॅमेरा उचलला.

उजेड होता अजून. लगेच गेलो. त्याच झाडाचं, खालच्या फांदीचं लाल फूल वाकवून तांबूस फुलाला टेकवून ह्यांनी धरलं. मी पिठाचं ताट दाखवलं, उजेड एक पायरी खाली, क्वालिटी फाइन, आणि दोन्ही फुलं एका फोटोत घेतली. सरांच्या कॉम्प्युटरवर लाल कसंही दिसू दे. शेजारचं लाल नाही हे कुठल्याही मॉनिटरवर दिसेल. कोपऱ्यात ह्यांचा अंगठाही आला आहे, नख मातीचं. राहू दिला.

२८ मार्च

फाइलीचा आकार मोठा, मेल जाईना. मध्येच लाइन तुटायची, पुन्हा पहिल्यापासून. फैजानने स्वतःचं काम थांबवून लावून धरलं. छोटा करून पाठवू का, त्याने विचारलं. मी नको म्हणाले. कडा दिसायला हव्यात.

गेली एकदाची.

२९ मार्च

सकाळीच फोन. सबनीस सर स्वतः. आवाजच वेगळा.

“ताई, दोन्ही फुलं एकाच झाडाची आहेत? मग फांदीला कुणालाही हात लावू देऊ नका. मी येतो.”

ह्यांना सांगायला धावत गेले तर वाटेत चप्पल तुटली.

२ एप्रिल

सर येऊन गेले. प्रदर्शनात लांबून वाटले होते त्यापेक्षा म्हातारे, बारीक, गळ्यात भिंग. आल्या आल्या झाडाकडे. पाणीसुद्धा नको म्हणाले. किती वेळ नुसतं बघत होते, पाकळी उलटून, सुलटून. हे शेजारी उभे, कोर्टात निकाल ऐकायला उभं राहावं तसे.

मग म्हणाले, असा रंग त्यांनी आजवर पाहिलेला नाही. पण आत्ताच नवी जात म्हणता येणार नाही. ह्या फांदीवरचे डोळे — पानाच्या बेचक्यातले कोंब — दुसऱ्या खुंटांवर भरायचे, म्हणजे कलम करायचे, ते फुटू द्यायचे, आणि त्यांच्यावरही हाच रंग आला तर टिकला म्हणायचं. जूनमध्ये कळेल. न टिकण्याचीच शक्यता जास्त, हेही सांगितलं. मला आवडलं ते. उगीच हवा भरली नाही.

जवळजवळ सगळी फांदीच नेली, ओल्या फडक्यात गुंडाळून. इथे बुडाशी एक डोळा राखला.

जेवायला पुरणपोळी केली होती. सरांनी फोटोचं विचारलं, मी पिठाची गोष्ट सांगितली. जेवता जेवता हसले खूप. म्हणाले, ते स्वतः अजून ऑटोवरच काढतात. सासूबाईंनी लगेच विचारलं, मग तुमाला शिकवायची का ही? आणि त्यांनी खरंच ताट बाजूला सारून कॅमेरा मागितला.

१५ एप्रिल

बेड उपटले. पहिला, दुसरा, चौथा, पाचवा. मुळं वर आली की कसला वास येतो मातीला. वाईट वाटेल असं वाटलं होतं, तितकं नाही वाटलं.

तिसऱ्या बेडपाशी हे थांबले. माणसांना सांगितलं, हा असू द्या. अख्खा बेड! मी काहीच म्हटलं नव्हतं.

३ मे

मिरचीची रोपं लागली. कुंदनचा जहाजावरून फोन. कॅमेरा वापरता का विचारत होता. वापरते म्हटलं.

३० मे

आमच्या झाडाला, त्या राखलेल्या डोळ्यातून, जोमदार फूट आली आहे. टोकाला कळी. हे रोज दोनदा बघतात. मला न सांगता, पण आता लपूनही नाही.

११ जून

आज आमचं उमललं. लाल. साधं, गडद, नेहमीचं लाल. हे म्हणाले राहू दे, आपण बघितलं ना. आणि विळा घेऊन तिसऱ्या बेडकडे निघाले.

ते दारात असतानाच फोन वाजला. सबनीस सर. तळेगावला तीन कलमं उमलली — तिन्ही तांबूस. फोटो पाठवू का, विचारत होते. नको म्हटलं. उद्या पहिल्या गाडीने आम्ही दोघं निघतोय, सासूबाईंनाही न्यायचं आहे. कॅमेरा घरीच ठेवणार.