पत्र्याखालची खुर्ची

सावदा,
२३ फेब्रुवारी २०२५

ती. नाना आणि ती. अक्का यांस,
शिल्पाचा सविनय जयभीम.

आम्ही इकडे खुशाल आहोत. नाना, तुम्ही कानातलं यंत्र कपाटात ठेवून दिलंय असं अक्कांनी कळवलं, म्हणून फोनचा नाद सोडला. फोनवर मी शाळेचं सांगते आणि तुम्ही मला केळीचे भाव विचारता, त्यापेक्षा पत्र बरं. जन्मभर गुरुजी होता हे मान्य, पण पुतणीचं अक्षर तपासून मार्क देऊ नका.

बातमी अशी की माझ्या प्रयोगाला निधी मिळाला. शिक्षकांना वर्गात काही नवं करून पाहण्यासाठी पुण्याची एक संस्था थोडे पैसे देते. माझा पाचवीचा वर्ग पत्र्याखाली आहे. मार्च लागला की दुपारी पोरं माना टाकतात, एखाद्याचा घोळणा फुटतो. इथे केळीच्या घडाला ऊन लागू नये म्हणून पिशवी घालतात, पोरांच्या डोक्यावर मात्र नुसता पत्रा. याचा मला फार दिवसांपासून राग आहे.

घड कापले की केळीची खोडं बांधावर टाकून देतात. ती पाण्याने गच्च भरलेली असतात. त्यांची सालपटं आमच्या पत्र्यावर अंथरायची, शेजारची कार्यक्रमाची खोली आहे तशीच ठेवायची, आणि दोन्हीकडचं तापमान पोरांनी रोज बाहेरच्या फळ्यावर लिहायचं. मुख्याध्यापक चुडामण सर म्हणतात, शिक्षण खात्याचे साहेब पाहणीला येणार आहेत, त्या पैशात भिंती रंगवून घ्या. मी नाही म्हणाले. आमचे हे, राजदीप, विचारत होते की बदलीसाठी खोकी आणून ठेवू का.

आहे ती माया आटू देऊ नका.
तुमची,
शिल्पा


धुळे,
३ मार्च २०२५

चि. शिल्पास,
नानाचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. अक्षर बरं आहे, फक्त तुझा 'ळ' अजून लंगडतो. भिंती रंगवून पोरं शहाणी झाली असती तर आपण रंगाऱ्यालाच गुरुजी म्हटलं असतं. तू नाही म्हणालीस ते झ्याक केलंस.

पण छपरावर पोरांना चढवू नकोस, आणि चुडामण सरांशी बोलताना आवाज चढवू नकोस. तुझा बाप असाच होता, खरं बोलायचा पण ओरडून. मग लोकांना ओरडणंच तेवढं लक्षात राहायचं. अक्काला सगळं वाचून दाखवलं. ती म्हणाली, बठ्ठं चांगलं व्हई, फक्त पोरीले म्हना येळवर जेवत जा.

आमच्या नातवाला, चि. प्रशीलला पापा. पत्राची वाट पाहायला लावू नकोस.
तुझा,
भटूनाना


सावदा,
२८ मार्च २०२५

ती. नाना व अक्का यांस,
सविनय जयभीम.

उशीर झाला, रागावू नका. आधी माझी फजिती ऐका. केळीच्या मुलखात राहून मी केळीचा चीक विसरले. सालपटं थेट पत्र्यावर टाकली आणि खिळ्यांच्या भोकांतून चीक ठिबकला. सगळ्या वर्गाच्या गणवेशावर काळे डाग पडले, आणि ते काही निघत नाहीत. चुडामण सरांना आयतं कोलीत मिळालं. आया भांडायला येतील म्हणून मी धास्तावले होते. पण माझ्या वर्गातल्या कामिनीची आई मंदाबाई केळी भरायच्या कामाला जाते, तिने स्वतःचा चिकाने माखलेला पदर मला दाखवला आणि पोट धरून हसली. मग आम्ही पत्र्याच्या थोडा वर बांबूचा मांडव उभारला, सालपटं त्यावर टाकली. सुकली की खताच्या खड्ड्यात जातात आणि नवी येतात. माझ्या साडीवरही डाग आहे. मी तीच साडी नेसून शाळेत जाते.

आता वर्गात शेजारच्या खोलीपेक्षा सहा अंश कमी असतात. पोरं दुपारीसुद्धा भांडतात, म्हणजे जागी असतात.

परवा साहेब आले. आमचा वर्ग कचऱ्यासारखा दिसतो म्हणून सरांनी सत्कार शेजारच्या खोलीत ठेवला. भर दुपारी, उघड्या पत्र्याखाली साहेबांच्या अंगावर लोकरीची शाल घातली, हातात नारळ दिला आणि प्रास्ताविक सुरू केलं. साहेबांचा घाम नारळावर टपकत होता. तेवढ्यात तापमान लिहायला आलेली कामिनी दारातून म्हणाली, साहेब, आमच्या वर्गात चाला, तठी इतकं गरम नही होत. कुणीतरी हसलं. साहेब उठले ते थेट गाडीत जाऊन बसले, शाल खुर्चीवरच राहिली.

आज सरांनी लेखी आदेश हातात दिला. मांडवाने शाळेची शोभा जाते, आठ दिवसांत काढा, नाहीतर निधी परत पाठवू आणि तुमच्याविरुद्ध अहवाल देऊ. तोंडी सांगितलं की हा साहेबांचाच शब्द आहे. नाना, मला रडू आलं, पण ते रागाचं होतं. उन्हाळा आत्ता कुठे तोंड दाखवतोय आणि आत्ताच हे काढायचं? उत्तर कसं लिहू ते सांगा.

उत्तराकडे डोळे लावून बसलेली,
शिल्पा


धुळे,
२ एप्रिल २०२५

चि. शिल्पास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आलं आणि मी लगेच अर्जाचा मसुदा करायला बसलो. महोदय, विनम्रपणे निवेदन करण्यात येते की, कृपया सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा. दोन पानं भरली. अक्काला मोठ्या कौतुकाने वाचून दाखवली.

तिने कागद घेऊन भाकरीच्या दुरडीखाली सारला. म्हणाली, तुमनं लिखनं पुरे. जो काढाले लावस, त्याले म्हना, पहिले तू पत्राखाले बस. आणि पुन्हा भाकरी थापायला लागली.

मी उभ्या नोकरीत विनंत्याच लिहिल्या, पोरी, त्यामुळे हे मला सुचलं नाही. पण ऐकल्यापासून मला बसवत नाही. माझा मसुदा पाठवत नाही. तिचं वाक्य पाठवतो आहे, त्याला फक्त जावक क्रमांक घाल. आणि भिऊ नकोस. बदली झाली तर धुळ्याला ये, पत्रे इकडेही तापतात.

तुझ्यावर भारी जीव असलेला,
भटूनाना


सावदा,
२० एप्रिल २०२५

ती. नाना व अक्का यांस,
सविनय जयभीम.

जयंतीला धुळ्याला येणं झालं नाही, कारण इथलं सोडून निघवत नव्हतं. अक्कांचं वाक्य मी आयांच्या सभेत वाचून दाखवलं. मंदाबाईने ते पुन्हा वाचायला लावलं. मग आम्ही उत्तर लिहिलं, खाली माझी सही आणि साऱ्या आयांच्या सह्या, अंगठे.

आम्ही मांडव काढायला तयार आहोत, असं त्यात लिहिलंय. अट एकच. ज्यांना तो काढलेला हवा आहे, त्यांनी शेजारच्या खोलीत पोरांसोबत एक तास बसावं. शाळा आता सकाळची झाली आहे, पण अकराला पत्रा तापलेला असतो, ती वेळ चालेल. तास पूर्ण होताच आम्ही स्वतः मांडव उतरवू.

चुडामण सरांनी ते वाचलं आणि म्हणाले की मॅडम, हे मी वर पाठवू शकत नाही. मंदाबाई म्हणाली, मंग तुमीच बसा. दुसऱ्या दिवशी सरांनी आवक-जावक वहीत नोंद करून पत्र वर पाठवलं.

तेव्हापासून कामिनी रोज अकराला शेजारच्या खोलीत जाऊन तापमान पाहते. काल चव्वेचाळीस होतं. आठ दिवस कधीच उलटले. अहवाल गेला असेल तर जाऊ दे, मी मांडवाला हात लावलेला नाही, आणि काल नवी सालपटं चढवली.

त्या खोलीत मधोमध एक खुर्ची मांडून ठेवली आहे. साहेबांची शाल झटकून, घडी घालून तिच्यावर ठेवली आहे. अजून कुणी बसायला आलेलं नाही.

अक्कांच्या पाया पडते. माया असू द्या.
तुमचीच,
शिल्पा